गिलावा ओला आहे तोवर

त्यांचं खरं आडनाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. दारावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना कुजबुजे म्हणत, आणि हे नाव त्यांनी घाम गाळून कमावलेलं होतं. बावीस वर्षं त्यांचं काम एकच. एकशे बारा पायऱ्या चढून घुमटाच्या आतल्या सज्ज्यात जायचं, पाहुण्यांना एका बाजूला भिंतीशी कान लावून बसवायचं आणि आपण गोलाला वळसा घालून पार समोर जायचं. तिथे भिंतीशी तोंड नेऊन हळूच बोलायचं. मधे सत्तर पावलांची पोकळी, खाली दरबाराची फरशी, वर नुसता घुमट. तरी शब्द भिंतीवरून घसरत यायचा आणि माणसाच्या कानात पडायचा, जणू कुणी खांद्यावर हनुवटी टेकून बोलतंय. पाहुणे दचकायचे, हसायचे, मागे वळून बघायचे. कुजबुज्यांना ते दचकणं बघायला फार आवडायचं.

तो घुमट शाळेच्या पुस्तकांवर होता, टपालाच्या तिकिटावर होता, बिस्किटांच्या डब्यांवरही होता. पण डब्यावरच्या चित्रात त्याची खरी गंमत दिसत नाही. खाली दालन चौकोनी आणि वर घुमट गोल. चौकोनावर गोल बसवायचा कसा, घोडं पेंड खायचं ते तिथेच. बांधणाऱ्याने आठ कमानी एकमेकींत अशा अडकवल्या की चौकोनाचा अष्टकोन झाला, अष्टकोनाचा गोल झाला, आणि एवढ्या मोठ्या दालनात मधे एकही खांब लागला नाही. आतून चुन्याचा गिलावा, तोही गुळगुळीत गोट्यांनी घोटघोटून आरशासारखा केलेला. आवाजाचं मात्र बांधणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याच्या पत्राची नक्कल खालच्या संग्रहालयात लावलेली आहे. "धनी, घुमट पुरा झाला, पण तो बोलतो. एका टाळीला नऊ टाळ्या परत करतो. दोष माझा आहे. आज्ञा झाल्यास आतून जाड पडदे सोडतो." या पत्राला उत्तर आलं का, कुणालाच ठाऊक नाही. पडदे लागले नाहीत, एवढंच खरं. पाहुणे विचारायचे, मग धनी काय म्हणाले हो? कुजबुजे दर वेळी नवं उत्तर ठोकून द्यायचे.

तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा कागद गेला. पाहुण्यांपैकी कुणाला तरी समोर बसून कागद फाडायला सांगायचं आणि आपण इकडे ऐकायचं, असा एक खेळ ते करत. एका सकाळी समोरच्या बाईंनी कागद टराटरा फाडला, तो फाटलेला दिसला, पण आवाज आला नाही. कुजबुज्यांनी कान चोळला. सर्दी असेल. मग घरातल्या कुकरची शिट्टी गेली, मग चिमण्या गेल्या, मग हळू बोलणाऱ्या बायकांचे शब्द अर्धे अर्धे यायला लागले.

त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं. आणि लहानपणी याच कुजबुज्यांनी वडिलांसमोर उभं राहून नुसते ओठ हलवले होते, आवाज न काढता. वडील "काय? काय म्हणालास?" करत पुढे वाकायचे आणि भावंडं पोट धरून हसायची. ते पुढे वाकणं त्यांना आता रोज आठवायचं. आपल्यापुढे कुणी असे ओठ हलवलेले त्यांना नको होते. म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि नवल म्हणजे कामात काही अडलंही नाही. त्यांना बोलायचं होतं, ऐकायचं पाहुण्यांना होतं. समोरून पाहुणे तरी काय कुजबुजणार? "ऐकू येतंय का?" त्यावर कुजबुजे म्हणायचे, "अगदी स्पष्ट!" एकदा एका गृहस्थांनी समोरून स्वच्छतागृह कुठे आहे म्हणून विचारलं. त्यांनाही उत्तर मिळालं, "अगदी स्पष्ट!" ते बिचारे तसेच बसून राहिले.

मग तिसऱ्या वर्षी घुमटाची दुरुस्ती निघाली. मागच्या पिढीत कुणा शहाण्याने घुमटाच्या आतून जागोजाग सिमेंट लिंपून ठेवलं होतं. त्याच्यामागे ओल धरून जुना चुना सुटायला लागला होता. दुरुस्तीच्या प्रमुख म्हणून एक बाई आल्या. वय चाळिशीचं, गळ्यात चष्मा, बोलणं कमी आणि बघणं जास्त. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांच्याबरोबर गिलाव्याचे जुने मिस्त्री होते, सत्तरीचे, बोटांची कातडी चुन्याने पांढरी पडलेली. सज्जा पाहुण्यांना बंद झाला, बांबूची परांची उभी राहिली. सिमेंट खरवडून पूर्वेकडचा एक उभा पट्टा नव्या चुन्याने लिंपून झाला. असे आणखी अकरा पट्टे व्हायचे होते.

सोमवारी सकाळी मॅडमनी कुजबुज्यांना वर बोलावलं.

"हा पट्टा जमला असेल तर याच पद्धतीने पुढे जायचं," त्या त्यांच्याकडे तोंड करून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "दिसायला छान झालाय. पण आवाज? यंत्राने मोजणारे लोक पुढच्या महिन्यात येणार, तोवर चुन्याचा दगड झालेला असेल. मी टाळी वाजवून पाहिली. मला सहा-सातच परत येताना ऐकू आल्या. पण शेवटच्या फार बारीक असतात, आणि माझा कान इथे नवा आहे. तुमचा बावीस वर्षांचा आहे. तुम्ही सांगा."

कुजबुज्यांनी समोरच्या पट्ट्याकडे पाहिलं. नाही म्हणायची ती वेळ होती. साहेब शेजारी उभे होते, मिस्त्री होते, चार कामगार हातातलं काम थांबवून बघत होते.

मॅडमनी टाळी वाजवली.

पहिली त्यांना ऐकू आली. दुसरी आली. तिसरी आल्यासारखी वाटली. पुढे आपलं रक्त कानात धडधडत होतं, तेवढंच. त्यांनी डोळे मिटले, जुन्या सवयीच्या लयीत मनाशी मोजलं, आणि डोळे उघडून म्हणाले, "नऊ. पहिल्यासारख्याच."

"नक्की?"

"नक्की."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. साहेबांनी पाठीवर थाप मारली. "म्हटलं नव्हतं? आमच्या कुजबुज्यांचा कान म्हणजे सोन्याचा!"

मंडळी पांगली. कुजबुजे उतरायला निघाले, तर मिस्त्रींनी त्यांना जिन्याच्या तोंडाशी गाठलं. मिस्त्री मोठ्याने बोलणारा माणूस, त्यामुळे शब्द नीट आले.

"एक विचारू? मला आवाज जरा बसल्यागत वाटला होता. साहेबांची घाई चाललेली, म्हणून वाळू थोडी भरड वापरली आणि घोटाई दोन दिवस कमी केली. रात्रभर मनात तेच होतं. पण तुम्ही नऊ म्हणालात, मग नऊ. तुमच्या कानापुढे आमची काय टाप!"

"आणि... समजा, कमी असत्या तर?"

"तर काय, पुन्हा घोटला असता. आत्ता ओला आहे. नख रुतंय तोवर घोटता येतं. पाच दिवस, फार तर सहा. एकदा का घट्ट झाला की मग छिन्नीच लावायची. आणि छिन्नी लावली की मागच्या जुन्या विटा हलतात." मिस्त्री हसले. "पण आता कशाला तो विषय!"

त्या दिवसापासून कुजबुज्यांच्या जिवाला चैन पडेना. पाच दिवस. सोमवार गेला. मंगळवारी सकाळी ते कामावर पोचताच थेट वर गेले आणि कुणी बघत नाहीसं पाहून पट्ट्याच्या खालच्या कडेला अंगठ्याचं नख टेकवलं. रुतलं. बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटली. दुपारी पुन्हा गेले. रुतलं, पण सकाळइतकं नाही. त्यांनी एका कोपऱ्यात जाऊन टाळी वाजवली, डोळे मिटून, श्वास रोखून, डावा कान पुढे करून, मग उजवा पुढे करून. दोन. तीन. पुढे काही नाही. नव्या पट्ट्याने आवाज खाल्ला होता की आपल्या कानाने, हे कळायला मार्गच नव्हता. कुणाला तरी मोजायला सांगावं, तर तो पहिला प्रश्न विचारणार, "तुम्ही असताना मी कशाला?"

तिकडे दुसऱ्या पट्ट्यासाठी वाळू चाळायला सुरुवात झाली होती. तीच भरड वाळू. कामगार त्यांना पाहून अदबीने बाजूला होत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. दोघं हळू बोलताना दिसले की वाटायचं, माझ्याबद्दलच बोलताहेत. मिस्त्री वरून पाण्याची पिचकारी मारताना ओठ हलवताना दिसले, तर त्यांना वाटलं, मुद्दाम. मुद्दाम आवाज न काढता ओठ हलवताहेत. ते पटकन म्हणाले, "हो, अगदी स्पष्ट!" मिस्त्री नुसते गुणगुणत होते. त्यांनी चमकून खाली पाहिलं.

बुधवारी नख जेमतेम उमटलं. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत सज्ज्यात कुणी नव्हतं. कुजबुज्यांनी मोबाइल काढला, आवाज टिपायचं बटण दाबलं, फोन कठड्यावर ठेवला आणि जोरात टाळी वाजवली. घरी जाऊन उजव्या कानाशी धरून शांतपणे ऐकू, असा विचार.

संध्याकाळी घरी आल्या आल्या ते आतल्या खोलीत जाऊन बसले. बायको बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी फोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवला, कानाशी धरला. टाळी. मग खरखर. पुन्हा लावलं. टाळी, खरखर. पुन्हा. दहा-बारा वेळा झालं असेल.

दारात बायको उभी दिसली. हातात त्यांचाच सदरा.

"अहो, काय लावलंय हे मघापासून? एक टाळी आणि तिच्या मागे सात टाळ्या. डोकं उठलं माझं."

कुजबुजे तिच्याकडे बघतच राहिले. "किती म्हणालीस?"

"सात."

"नीट मोज. बस इथे. पुन्हा लावतो."

ती पलंगाच्या काठावर बसली, बोटांवर मोजलं. "सात. शेवटची फार बारीक आहे, पण आहे."

"आठवी नाही? नववी?"

"नाही हो. सात म्हणजे सात. मला काय मोजता येत नाही?" मग तिने सदरा मांडीवर ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला किती ऐकू येतात?"

त्यांनी फोन पलंगावर पालथा ठेवला.

"मी विचारतेय."

"एकसुद्धा नाही," कुजबुजे म्हणाले. "पहिली टाळी तेवढी."

आता ती रडेल किंवा चिडेल असं त्यांना वाटलं. तिने सुस्कारा टाकला. "तीन वर्षं मी समजत होते की तुम्हाला माझं बोलणं ऐकायचाच कंटाळा आलाय. या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडायचं. किती वेळा वाटलं, एकदा सोक्षमोक्ष लावून टाकावा."

"मग लावला का नाहीस?"

"लावला होता की! मागच्या उन्हाळ्यात. चांगली अर्धा तास भांडले तुमच्याशी. तुम्ही पाठमोरे बसून पेपर वाचत होता."

हसावं की रडावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं: सोमवारची टाळी, नऊ, मिस्त्रींची वाळू, नख. नोकरीची आठ वर्षं उरली होती. बहिऱ्या माणसाला कुजबुजीच्या सज्ज्यावर कोण ठेवणार? आणि नोकरीचं एक वेळ राहू दे. चारशे वर्षं जो घुमट नऊ म्हणत आला, त्याला आपल्या एका शब्दाने सातवर आणला, हे कुणाला कसं सांगायचं? आपण गप्प राहिलो तर यंत्रवाल्यांना कळेल, तोवर बाराही पट्टे झालेले असतील.

"आणि नख उद्या रुतेल?" बायकोने विचारलं. तिने तेवढंच विचारलं.

"माहीत नाही."

रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच ते निघाले. एकशे बारा पायऱ्या रोज ते सहज चढत, त्या दिवशी तीनदा थांबले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, वर पोचेपर्यंत त्यातलं अर्धं विसरून गेले. मॅडम परांचीखाली नकाशा पसरून बसल्या होत्या, मिस्त्री वर होते. कुजबुज्यांनी प्रस्तावना केली नाही.

"मॅडम, मी सोमवारी खोटं बोललो. टाळ्या नऊ येत नाहीत. सात येतात."

मॅडमनी मान वर केली. "आज कसं कळलं?"

"बायकोने मोजल्या. फोनवर टिपून नेल्या होत्या. मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्या काहीतरी बोलल्या, हळू आवाजात, आणि कुजबुज्यांना कळलं नाही. ते पुढे वाकले, अगदी वडिलांसारखे. "काय? काय म्हणालात?"

"म्हटलं, तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून नऊ म्हणालात!" आता त्या ओरडल्या, आणि ते वाक्य घुमटभर फिरत राहिलं. कामगार थांबले. "मला सहा-सातच ऐकू आल्या होत्या. मी स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवला, कशासाठी? तुमच्या एका शब्दासाठी!"

"हो," कुजबुजे म्हणाले.

मॅडमनी तिथेच टाळी वाजवली. मिस्त्रींनी वरून बोटं दाखवली: सात. मॅडम थेट परांचीवर चढल्या. कुजबुजे खाली उभे राहिले. वर मिस्त्री पट्ट्यावर हातभर अंतराने नख दाबत होते, आणि प्रत्येक वेळी कुजबुज्यांचा जीव टांगणीला लागत होता. वरच्या भागावर मिस्त्रींनी मान हलवली. नाही. थोडं खाली, नाही. मधल्या फळीवर आले, वाकले, अंगठ्याने जोर लावला, मग बोटाला थुंकी लावून पुसून पुन्हा पाहिलं.

"इथून खाली आहे!" ते ओरडले. "खालचे दोन भाग ओले आहेत. वरचा एक गेला हातचा. पण आजचा दिवस, उद्या दुपारपर्यंत. त्यानंतर माझी जबाबदारी नाही!"

पुढचे दीड दिवस दुसरं काही काम झालं नाही. वाळू चाळणारे, पाणी वाहणारे, सगळ्यांच्या हातात गुळगुळीत गोटे आले. आधी चुन्याच्या निवळीचा, म्हणजे वरच्या नितळ पाण्याचा, बारीक हात, मग घोटाई, गोल गोल, एका जागी शंभर वेळा, मग हातभर पुढे. कुजबुज्यांनी कुणाला न विचारता एक गोटा उचलला आणि खालच्या कडेला बसले. कुणी नको म्हणालं नाही, या म्हणालं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांची बोटं सोलवटली. शुक्रवारी सकाळी मिस्त्रींनी त्यांच्या हातातला गोटा काढून घेतला, वेगळा दिला, मोठ्याने म्हणाले, "असा धरा. मनगट नाही, खांदा वापरा," आणि पुढे गेले. कुजबुज्यांच्या डोळ्यांत त्याने पाणी आलं.

शुक्रवारी तीन वाजता मॅडमनी टाळी वाजवली. कुजबुजे त्यांच्या तोंडांकडे बघत होते, दुसरा उपायच नव्हता. वाळू चाळणाऱ्या बाईने आधी बोटं वर केली. आठ. मिस्त्रींनी आठ दाखवली. मॅडमनी पुन्हा वाजवली, पुन्हा आठ.

"आठ," मॅडम कुजबुज्यांकडे वळून म्हणाल्या, तोंड नीट समोर ठेवून. "नववी त्या वरच्या भागात गेली. तो मी उखडणार नाही, मागच्या विटांना धोका आहे. बाकीचे अकरा पट्टे बारीक वाळूत होतील आणि पुरे घोटले जातील. मग बघू." पुढे म्हणाल्या, "तुम्ही सोमवारीच सांगितलं असतंत, तर नऊ असत्या."

"हो," कुजबुजे म्हणाले.

"आणि कालही सांगितलं नसतंत, तर काय झालं असतं तेही मला माहीत आहे. अहवालात मी दोन्ही लिहिणार आहे."

त्यांनी खरोखरच दोन्ही लिहिलं. साहेबांचं धाबं दणाणलं होतं, कारण घाई त्यांची होती. त्यांनी कुजबुज्यांना मेमो दिला, वैद्यकीय तपासणीला पाठवलं आणि सज्ज्यावरून काढून बागेच्या फाटकावर बसवलं. नोकरी राहिली, पण सज्जा सुटला. बाराही पट्टे पुरे झाल्यावर यंत्रवाले आले. त्यांनी कागदावर रेघा काढल्या आणि सांगितलं, आठ पडसाद स्वच्छ आहेत आणि नववा आहे म्हटलं तर आहे. मिस्त्री म्हणाले, साडेआठ. सज्ज्यावर आता एक नवीन तरुणी कुजबुजते. पाहुणे पूर्वीसारखेच दचकतात. मॅडम एकदा जाताना फाटकाशी थांबल्या होत्या, सज्ज्यातल्या कुठल्या जागेवरून आवाज चांगला जायचा आणि कुठे गळायचा ते सगळं लिहून द्या म्हणाल्या. कुजबुज्यांनी सहा पानं लिहून दिली. मॅडमनी माफ केलं की नाही, ते कुजबुज्यांना विचारवलं नाही.

कानातलं यंत्र मिळालं त्या दिवशी घर त्यांच्या अंगावर आलं. नळ, पंखा, पिशवीचा कागद, चमचा, स्वतःच्या चपला, सगळं एकदम. त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं. बायकोने ते उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"घाला. तीन वर्षांचं सांगायचं राहिलंय. वरच्या मजल्यावरचे लोक घर सोडून गेले, तुम्हाला माहीत आहे?"

"कधी?"

"दोन वर्षं झाली. तुम्ही अजून जिन्यात त्या नव्या गृहस्थांना जुन्या नावाने हाक मारता. त्यांनी मला विचारलं, तुमचे यजमान बरे आहेत ना? मी म्हटलं, आहेत तसे."

कुजबुज्यांनी यंत्र कानात घातलं, जरा वळवलं, घट्ट बसवलं.

"आणखी काय?" त्यांनी विचारलं.

"माझ्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं. तिने घरी येऊन सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'अरे वा!'"

"मी?"

"तुम्हीच. ती अजून बोलत नाही आपल्याशी. आत्ता फोन लावते, तुम्ही बोला."

ती नंबर शोधायला लागली. कुजबुज्यांना बटणांचा बारीक टिकटिक आवाज आला, आणि मग पलीकडे घंटी वाजायला लागली. काय बोलायचं हे त्यांना अजून सुचलेलं नव्हतं.